ढील

दातारने तंबूची शेवटची खुंटी दगडाने ठोकली, आणि ती वाकली. त्याने ती उपटली, गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी सरळ केली आणि पुन्हा त्याच भोकात घातली. जमीन खडकाळ होती आणि वारा सकाळपासून सगळ्यांच्या मागे लागला होता.

“अरे, तंबू आहे तो, कवळी नाही,” वकील मागून म्हणाला. “इतकं मापात बसवायची काही गरज नाही.”

“तुझी करीन तेव्हा मुद्दाम सैल करीन,” दातार म्हणाला. “न्यायाधीशासमोर तोंड उघडलंस की बाहेर आली पाहिजे.”

वकील खो खो हसला आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालून आपल्या तंबूकडे गेला. दातारला बरं वाटलं. हा धपाटा खायलाच तर तो आला होता.

दातार हे त्याचं आडनाव नव्हे. दंतवैद्यांसाठी तो कवळ्या आणि खोटे दात बनवत असे, म्हणून कॉलेजच्या दोस्तांनी त्याला दातार करून टाकलं होतं. वकील मात्र खराच वकील होता. लंबू पुलांचा इंजिनिअर होता आणि उंचीने सगळ्यांत कमी. ताई त्यांच्याहून एका वर्गाने पुढे होती, म्हणून ती सगळ्यांची ताई. लंबूनेही तिला बरीच वर्षं ताईच म्हटलं. एके दिवशी त्याने ते म्हणायचं बंद केलं, तेव्हाच बाकीच्यांना संशय आला, आणि पुढे सहा महिन्यांत लग्नच झालं. पाचवी होती ती वकिलाची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत. तिला ना डोंगराचे कडे चढायची हौस, ना उघड्यावर झोपायची, पण नवऱ्याला एकट्याला सोडलं तर तो हातपाय मोडून घेईल या भीतीने ती दरवर्षी यायची.

तर अशी ही पाच माणसं आणि तीन तंबू. दोन तंबू दोघांचे, आणि एक दातारचा. तोही खरं तर दोघांचाच होता. दुकानात एकट्याचा मिळत नाही असं नाही, पण तो मागायला दातारला कसंतरीच वाटलं होतं.

त्याचं काम घराच्या पुढच्या खोलीतच चाले. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाला कुणाकुणाच्या नावाची चिठ्ठी. दिवसभर इतकी तोंडं समोर आणि बोलणारं एकही नाही, हा विनोद तो स्वतःच आधी करून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला करावा लागू नये. आई होती तोवर मागच्या खोलीतून हाक तरी यायची. हाक बहुधा चिडून मारलेली असे, पण असे. आई गेल्यावर घर असं गप्प झालं की खोटे दात घासून गुळगुळीत करायच्या यंत्राचा आवाज त्याला सोबत वाटू लागला. वर्षभरात त्याला नावाने, म्हणजे खोट्या का होईना पण नावाने, मोठ्याने हाका मारणारी माणसं ही चारच, आणि तीही या दोन दिवसांपुरतीच. या दोन दिवसांवर तो वर्ष काढत असे.

यंदा ते दोन दिवसही जवळजवळ गेलेच होते. लंबूची कंबर धरली होती, ताईचं कसलं तरी शिबिर होतं, वकिलाच्या तारखा होत्या. दातारने एकेकाला फोन करून, थट्टा करून, शेवटी थोडा हट्ट करून जमवून आणलं. येताना गाडीत वहिनी म्हणाल्याच होत्या, “भावजी, पुढच्या वर्षी मात्र हे दगडधोंडे नकोत हं. एखादं छान हॉटेल बघू, मुलांनाही नेता येईल. तुमच्यापैकी एकाला जरी खरचटलं, तरी मी यांना पुन्हा पाठवायची नाही.” मागच्या सीटवरून ताईने “मलाही तेच वाटतंय” म्हटलं. मुलं असणाऱ्यांच्या त्या हॉटेलात आपली खोली कुठली, हे दातारने विचारलं नाही.

दुपार उतरू लागली तसे वकील आणि दातार कड्यापाशी आले. तंबूंपासून कडा हाकेच्या अंतरावर होता. त्यांचा नेहमीचा, पिवळट दगडाचा, मधे एक ओठ पुढे आल्यासारखा फुगवटा असलेला. लंबू कमरेमुळे चढणार नव्हता आणि ताईने आधीच चुलीचा ताबा घेतला होता. दातारने कमरेचा पट्टा आवळला, दोराची गाठ बांधली, ओढून पाहिली. वर चढणारा दोर घेऊन जातो आणि वाटेत खडकात ठोकलेल्या कड्यांमध्ये तो अडकवत जातो. खाली उभा असलेला माणूस दोराचं दुसरं टोक आपल्या कमरेच्या चापातून ओवून घेतो, हवी तेवढी ढील देतो, आणि वरचा घसरला की चाप आवळून त्याला झेलतो. याला बिले देणं म्हणतात. बिले देणाऱ्याने फक्त डोळ्यांत तेल घालून वर बघायचं असतं.

शिकवताना त्यांना यासाठी लांबलचक इंग्रजी आरोळ्या शिकवल्या होत्या. वाऱ्यात त्या धड ऐकू जात नसत. ताईने त्या पहिल्याच वर्षी मोडीत काढल्या. चढणाऱ्याने म्हणायचं, “आहेस?” आणि खालच्याने म्हणायचं, “आहे.” बस्स. “आहे” आल्याशिवाय पाय जमिनीवरून उचलायचा नाही. इतक्या वर्षांत हा नियम कुणी मोडला नव्हता.

दातारने दगडावर दोन्ही हात टेकले. दगड उन्हाने कोमट झाला होता. मान न वळवताच त्याने विचारलं,

“आहेस?”

“आहे!” वकिलाचा खणखणीत आवाज आला.

दातारने पाय उचलला.

पहिला टप्पा त्याला तोंडपाठ होता. डाव्या हाताला भेग, उजव्या पायाला खोबणी, मग पहिली कडी. त्याने दोर अडकवला आणि पुढे निघाला. आज दोर कसा हलका येत होता. एरवी वकील ढील देताना कंजुषी करायचा, दोर नेमका नको तेव्हा अडायचा, आणि मग कड्यावर लटकत दातार त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आज मागायलाच लागत नव्हतं. दोर हवा तेवढा, हवा तेव्हा येत होता. दातारच्या मनात आलं, याला आज आपल्या मनातलं कळतंय. फोन करून हट्ट केला त्याचा राग नाही धरलेला याने. त्याला एकदम हलकं वाटलं आणि तो कधी नव्हे इतका सुरेख चढला.

मधल्या फुगवट्याखाली पावलं टेकतील एवढी पट्टी आहे. तिथे तो दम खायला थांबला आणि आज पहिल्यांदाच त्याने खाली पाहिलं.

खाली कुणीच नव्हतं. त्याच्या कमरेपासून निघालेला दोर कड्यांमधून खाली जात होता आणि तळाशी वकिलाच्या पिशवीशेजारी मोकळा पडला होता. त्याचं दुसरं टोकही दिसत होतं. ते कशालाच बांधलेलं नव्हतं. वकील तंबूंपाशी होता, त्याच्याकडे पाठ करून वाकलेला. चुलीला वारा लागू नये म्हणून त्याने अंगावरचं जॅकेट पसरून धरलं होतं. वहिनींच्या हातात काडेपेटी होती. वाऱ्याबरोबर त्यांचं बोलणं तुटक तुटक वर येत होतं.

“आहे का म्हणून विचारलं तर म्हणे आहे! आणि यात तर दोनच काड्या!”

सगळे हसले.

दातारला सगळं उलगडलं. त्याने खडकाला तोंड लावून “आहेस?” विचारलं, त्याच वेळी तिकडून वहिनींनी “अहो, काडेपेटी आहे का?” विचारलं असणार. वकिलाने उत्तर एकच दिलं, आणि ते घेतलं दोघांनी. काडेपेटी द्यायला तो गेला, त्याला वाटलं दातार अजून गाठच तपासतोय.

घाईघाईने त्याने कमरेची छोटी पट्टी समोरच्या कडीत अडकवली आणि तिच्यावर भार टाकला. आता तो पडणार नव्हता. आता फक्त एक हाक मारायची होती. त्याने तोंड उघडलंही.

मग त्याला पुढचं सगळं दिसलं. वकील पांढराफटक होऊन धावत येणार. लंबू कमरेला हात लावून त्याच्या मागे. वहिनी तिथेच मटकन बसणार. त्याला जपून उतरवतील, पाणी देतील, तंबू काढतील आणि अंधार पडायच्या आत गाडी सुरू करतील. पुढच्या वर्षी हॉटेल. नाहीतर तेही नाही. वकिलाला तर त्याच्याकडे बघताना दर वेळी हेच आठवेल. असे प्रसंग माणसं विसरत नाहीत, ती माणसालाच टाळायला लागतात.

भीती वाटत होतीच. पण भीतीहून जास्त जे वाटत होतं ते एकटेपणच होतं, आणि ते काही कड्यावर आल्यामुळे आलेलं नव्हतं.

दातारने तोंड मिटलं. घाम पुसला. मग कमरेची पट्टी कडीतून काढली आणि फुगवट्यावर हात टाकला.

वरचा टप्पा कसा गेला हे त्याला नंतर नीटसं आठवेना. एवढं मात्र आठवत होतं की वाटेतल्या प्रत्येक कडीत तो दोर अडकवत गेला. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. खालून कुणी पाहिलं तर सगळं रीतसर दिसावं, म्हणून. एकदा उजवा पाय सटकला. बोटं जागची हलली नाहीत, बस्स. माथ्यावर पोचून त्याने स्वतःला तिथल्या साखळीला बांधलं आणि मगच त्याला रडू आलं. ते त्याने आवरलं, कारण खालून आवाज आला.

“दातार! गाठ बांधतोस की सत्यनारायण...” वकील चहाचा कप घेऊन येत होता. बोलता बोलता तो थांबला. त्याने मोकळ्या दोराकडे पाहिलं. मग हळूहळू, दोर जाईल तसतशी नजर वर नेत, त्याने माथ्याकडे पाहिलं. कप त्याने दगडावर ठेवला, तो कलंडला, त्याने तिकडे बघितलंही नाही. खाली वाकून त्याने दोर दोन्ही हातांत घेतला, जणू आता धरला तरी चालेल.

“पोचलास?” त्याने विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

“पोचलो!” दातार वरून ओरडला. “मस्त ढील दिलीस आज!”

दोर वरच्या साखळीतून ओवून तो एकटाच खाली उतरला. वकिलाने दातारच्या कमरेचा पट्टा सोडायला मदत केली, आणि तो त्याला काही केल्या सुटेना.

संध्याकाळी सूप झालं, पाव झाला, अंडी झाली. लंबूने आपल्या कमरेच्या दुखण्यावर भाषण केलं. दातार नेहमीपेक्षा जास्त बोलला, दोन-तीनदा वकिलाला डिवचलंही, पण वकील “हं” म्हणून चुलीतली राख उकरत बसला. वहिनींनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. तो लवकर झोपायला गेला. दातारलाही तंबूत बराच वेळ झोप लागली नाही. निम्मा तंबू रिकामा होता, तिथे त्याने आपली पिशवी ठेवली.

सकाळी बाकीचे तिघं भांडी घासायला झऱ्यावर गेले, तेव्हा हे दोघं कड्याखाली दोर गुंडाळत होते. एकाने वेटोळी घालायची, दुसऱ्याने दोर सोडत राहायचं. निम्मा दोर गुंडाळून झाला.

“काल मी खाली नव्हतो,” वकील म्हणाला.

दातारचे हात चालूच राहिले. “माहीत आहे.”

“कधी कळलं?”

“मधल्या फुगवट्यापाशी.”

वकिलाने हिशोब केला असावा. वरचा, अवघड टप्पा सगळा त्याच्यापुढचा. “मग ओरडला का नाहीस?”

इथे विनोद करता आला असता. दातारला दोन-तीन सुचलेही. पण रात्रभर जागून त्याला थकवा आला होता, आणि विचारणारा वकील होता, त्याचा सगळ्यांत जुना दोस्त. आजवर असं थेट कुणी काही विचारलंच नव्हतं.

“ओरडलो असतो तर पुढच्या वर्षी तुम्ही आला नसतात,” तो म्हणाला.

वकील त्याच्याकडे बघत राहिला. आता हा हसेल, याची तो वाट बघत होता. दातार हसला नाही.

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

दोर वकिलाच्या हातातून निसटला. तो जवळ आला. दातारला वाटलं, आता धपाटा बसणार, शिव्या मिळणार, गाढवापासून सुरुवात करून वकील सगळं प्राणिसंग्रहालय बाहेर काढणार. त्याला ते सगळं हवं होतं. वकिलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी हलका.

“येऊ,” वकील म्हणाला. “दरवर्षी येऊ. बाकीच्यांना मी बघतो. तुझ्यासाठी येऊ आम्ही.”

दातारला हेच तर हवं होतं. त्याने मान हलवली आणि वेटोळं नीट करायला खाली बघितलं. ‘तुझ्यासाठी’ हा शब्द त्याच्या कानात अडकून बसला. आजवर ते कुणा एकासाठी येत नव्हते.

परतताना मधे चहाला थांबले. दातार हात धुऊन आला तेव्हा चौघं गाडीच्या पलीकडे घोळक्याने उभे होते, आणि त्याला बघताच बोलायचे थांबले. ताईने बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढे धरला. एरवी ती शेवटच्या बिस्किटासाठी त्याच्याशी हातघाईवर यायची. लंबूने दुखऱ्या कमरेने त्याची पिशवी उचलून ठेवली. वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुम्ही पुढे बसा. मागे धक्के लागतात.” पुढच्या वर्षीच्या हॉटेलचं नावही कुणी काढलं नाही. गाडीत वकिलाने दोनदा विचारलं की खिडकी लावू का, वारा लागतोय का. दातार दोन्ही वेळा नाही म्हणाला.

घराच्या फाटकाशी वकिलाने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि स्वतः उतरून डिकीतून पिशवी काढली. दातार नको नको म्हणत असताना ती जिन्यापर्यंत आणली.

“नीट राहा,” तो म्हणाला. “काही लागलं तर सांग. संकोच करू नकोस.”

आई गेली तेव्हा शेजारचे लोक दारात येऊन असंच बोलले होते, आणि तेव्हाही दातार “हो, सांगतो” एवढंच म्हणाला होता. आत्ताही तेच म्हणाला. मग त्याला राहवेना.

“वर ये की जरा,” तो म्हणाला. “एवढे जबडे मांडून ठेवलेत घरात, पण एकालाही हरकत घेता येत नाही. तुझ्यासारख्या वकिलाला तर...”

वकील विनोद संपायच्या आधीच हसला. चांगला मोठ्याने हसला, आणि हसून झाल्यावरही मान डोलवत राहिला.

“येईन ना. एकदा निवांत येईन,” तो म्हणाला. “फोन करतो.”

गाडीतून वहिनींनी हात हलवला. दातारनेही हलवला. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर त्याने पिशवी खांद्यावर घेतली आणि जिना चढता चढता उरलेला विनोद मनातल्या मनात पुरा केला. बरा होता तो.